पुढं काय होणार, हे त्यालाही कळू द्या

भायखळा स्टेशनच्या पश्चिमेला ना. म. जोशी मार्गावर, एस ब्रिजजवळ, महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत एक संस्था आहे: हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड. १९७७ साली बेरोझ वाच्छा यांनी ती सुरू केली. ज्यांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही अशा मुलांना शिकवण्याचं काम भारतात पहिल्यांदा इथं उभं राहिलं. पुढं नवी मुंबईत महापे इथं तिचं निवासी केंद्र झालं, अशा मुलांसाठी शिक्षक तयार करण्याचं कामही झालं. याच रस्त्यानं लोअर परळच्या ऑफिसांकडं रोज हजारो माणसं जातात. त्यातल्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक व्हायचं काही कारणही पडत नाही, जोवर घरात असं मूल जन्माला येत नाही तोवर.

मी त्या संस्थेत नोकरीला नाही. मी घरोघरी जाऊन शिकवणारी विशेष शिक्षिका. राहायला भायखळ्यात, काम घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, चिंचपोकळी या टापूत. ज्यांना रोज शाळेत नेणं जमत नाही अशी मुलं माझ्या वाट्याला येतात. कर्णबधिर आहेत, शिवाय आणखी काही आहे. कुणाला नजर अधू, कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला स्वमग्नता, कुणाची बुद्धीची वाढ सावकाश. पुढं ज्या मुलांविषयी लिहिलंय त्यांची नावं देत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

या मुलांची अडचण समजायची तर आधी आपल्या शहराच्या शाळा बघायला हव्यात. १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं माझगावात मूकबधिरांची शाळा निघाली, देशातली पहिली. १९०० साली अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी अंधांसाठी शाळा काढली. ती आजही दादरला आहे. १९७२ साली मिठू अलूर यांनी कुलाब्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी केंद्र सुरू केलं. सगळी मोठी माणसं, मोठी कामं. पण प्रत्येक दारावर एकाच अपंगत्वाची पाटी. ज्या मुलाकडं दोन आहेत त्यानं कुठं जायचं? बहिऱ्यांच्या शाळेत म्हणायचे, याला फळा दिसत नाही. अंधांच्या शाळेत म्हणायचे, याला बाईंचं बोलणं ऐकू येत नाही. भायखळ्याचं दार उघडलं ते या दोन नकारांच्या मधल्या मुलासाठी.

ही मुलं थोडी असतील असं वाटतं. तसं नाही. अमेरिकेत गॅलॉडेट विद्यापीठानं केलेल्या पाहण्यांत कर्णबधिर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना आणखी एखादी अडचण असल्याचं दिसलं. त्यात शिकण्यातल्या सौम्य अडचणीही मोजल्यात, हे खरं. तरी कर्णबधिर मूल समोर आलं की 'आणखी काही आहे का' हे विचारायलाच हवं, एवढं त्यावरून कळतं.

पहिलं नाव पडलं की दुसरं दिसत नाही

कारणं बरीचशी जन्माच्या आसपासची. आईला गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचे कान, डोळे आणि हृदय, तिन्हींवर घाव बसू शकतो. बहिरेपणा, मोतीबिंदू आणि हृदयाचा दोष एकाच बाळात. हे टाळता येतं, कारण लस आहे. भारतात २०१७ पासून गोवर-रुबेला लसीची मोहीम टप्प्याटप्प्यानं राबवली गेली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना शाळाशाळांत लस दिली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांनी घाबरून मुलांना घरी ठेवणारे पालकही मी पाहिले. एरवी बाळाला ९ महिन्यांनी आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास ही लस मोफत मिळते.

दुसरं कारण अपुऱ्या दिवसांचा जन्म. 'काचेच्या पेटीत ठेवलं होतं' हे वाक्य मला निम्म्या घरांत ऐकायला मिळतं. बाळ वाचतं, ही मोठीच गोष्ट. पण त्याच्या डोळ्यांचा पडदा पुरता तयार झालेला नसतो. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवा. फारच लवकर जन्मलेल्या बाळाचा त्याहूनही आधी. वेळेत कळलं तर लेझरनं किंवा इंजेक्शननं नजर वाचते. महिना-दोन महिने उशीर झाला तर वाचेलच असं नाही.

तिसरं कारण कावीळ. नव्या बाळाला थोडी कावीळ होतेच, म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. ती फार वाढली तर मेंदूत शिरते. स्नायूंवरचा ताबाही जातो आणि ऐकण्याची नसही दुखावते. यात एक फसगत आहे. कानाची साधी तपासणी, म्हणजे कानात छोटी नळी घालून करतात ती ओएई, अशा बाळात 'पास' दाखवू शकते, कारण कानाचा आतला भाग ठीक असतो, बिघाड पुढं नसेत असतो. म्हणून पेटीत राहिलेल्या आणि जबर कावीळ झालेल्या बाळाची नसेचं काम बघणारी बेरा तपासणीही करून घ्यावी. एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मदत सुरू, असं जगभर सांगतात. माझ्याकडं येणारी मुलं बहुधा चार-पाच वर्षांची असतात.

उशीर होतो त्याला पैसा हे एक कारण, पण एकमेव नाही. मुलावर एकदा 'बहिरा आहे' असं नाव पडलं की त्याचं सगळं वागणं त्या एका नावाखाली जातं. हाक मारल्यावर बघत नाही? ऐकू येत नाही ना. बोट दाखवून मागत नाही? ऐकू येत नाही ना. पण ज्याला फक्त ऐकू येत नाही, ते मूल उलट जास्त बघतं, जास्त हातवारे करतं, आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडं वळवतं. कर्णबधिर मूल नजर देत नसेल, हवं ते बोटानं दाखवत नसेल, तर ते बहिरेपणामुळं नव्हे. स्वमग्नता असू शकते, नजर अधू असू शकते. कारण शोधायला हवं. बुद्ध्यंकाचंही तसंच. तोंडी प्रश्न विचारून कर्णबधिर मुलाची बुद्धी मोजली आणि 'मतिमंद' असा शिक्का मारला, असे कागद आजही फायलींत सापडतात. चाचणी शब्दांवाचून करता येणारी हवी आणि करणाऱ्याला मुलाच्या खुणा कळायला हव्यात.

चिडका नव्हे, बेसावध

आता मुख्य गोष्ट. घर दिवसभर मुलाला आगाऊ सूचना देत असतं. कुकरची शिट्टी झाली, म्हणजे जेवण. आईनं पर्स उचलली, म्हणजे बाहेर जायचं. मोरीत बादली वाजली, म्हणजे अंघोळ. बहिरं मूल यातलं बरंचसं डोळ्यांनी टिपतं, अंध मूल कानांनी. ज्याचे दोन्ही अधू, किंवा एक अधू आणि दुसऱ्याचा अर्थ लागत नाही, त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. त्याच्या बाबतीत गोष्टी नुसत्या घडतात. एकाएकी कुणीतरी उचलतं, एकाएकी अंगावर पाणी पडतं, एकाएकी तोंडात चमचा येतो. मग ते चावतं, ओरडतं किंवा अंग सोडून देतं.

"बाई, ह्याला राग फार आहे," काळाचौकीच्या एक आजी मला म्हणाल्या.

"आजी, तुम्हाला गाढ झोपेतून कुणी न सांगता उचललं आणि तोंडात भात कोंबला तर तुम्ही काय कराल?"

आजी म्हणाल्या, "मी तर हाणीन."

म्हणून माझं पहिलं काम भाषा शिकवणं नसतं. पुढं काय होणार हे मुलाला आधी सांगायचं, रोज, प्रत्येक वेळी आणि घरातल्या सगळ्यांनी सारखंच सांगायचं, हे पहिलं काम. सांगायचं कसं? त्याला पोचेल त्या वाटेनं.

माणसापासून सुरुवात करायची. जवळ येणाऱ्यानं आधी आपण कोण ते सांगायचं. आजीनं त्याचा हात आपल्या बांगड्यांवर ठेवायचा, बाबांनी घड्याळावर, आईनं मंगळसूत्रावर. माझ्या मनगटावर एक जाड गोफाचा दोरा असतो. तो चाचपला की मुलांना मी कळते. जातानाही सांगून जायचं. नाहीतर माणसं हवेतून येतात आणि हवेत जातात.

मग प्रसंग. प्रत्येक कामाला एक वस्तू. जेवणाआधी वाटी हातात, अंघोळीआधी टॉवेलचा तुकडा. वस्तू निवडताना डोळस माणूस हमखास घसरतो: बाहेर जायचं म्हणून खेळण्यातली बस देतो. प्लास्टिकची बस डोळ्यांना बससारखी दिसते, हाताला नाही. न दिसणाऱ्या मुलाच्या हाताला बस म्हणजे बसमध्ये धरायचा पट्टा, तेव्हा तसला पट्ट्याचा तुकडा द्यायचा. राणीच्या बागेत जायचं तर खेळण्यातला हत्ती कामाचा नाही. तिथं त्याच्या हाताला दरवेळी जे लागतं ते शोधायचं.

या वस्तू ओळीनं ठेवायच्या, मिठाईच्या खोक्यांचे कप्पे करून. पहिल्या कप्प्यात आता होणाऱ्या गोष्टीची वस्तू, दुसऱ्यात त्यानंतरची. काम झालं की ती वस्तू 'झालं'च्या डब्यात टाकायची. नेदरलँड्समध्ये यान व्हॅन डाइक यांनी १९६० च्या दशकात रुबेलामुळं बहिऱ्या-अंध झालेल्या मुलांबरोबर काम करताना ही दिनक्रमाची रीत घडवली. आज ती जगभर वापरतात. दहा बाय बाराच्या खोलीत, कपाटाखाली सरकवलेल्या खोक्यातही ती चालते. खर्च शून्य. चिकाटी मात्र लागते, कारण वस्तूचा अर्थ लागायला कधी आठवडे जातात, कधी महिने.

घोडपदेवच्या चाळीतला एक मुलगा अंघोळीला इतका ओरडायचा की शेजारी त्यावर वेळ ओळखायचे. त्याला ऐकू येत नाही, आणि जेमतेम उजेड-अंधार कळतो. आम्ही टॉवेलचा तुकडा हातात देणं, मग मोरीच्या उंबऱ्याशी नेणं, मग कोमट पाण्याच्या तांब्यात आधी त्याचाच हात बुडवणं, असा क्रम बांधला. ओरडणं कमी होत गेलं. पुढं मे महिन्यात एका दुपारी त्यानं तोच तुकडा कप्प्यातून काढून आईच्या पायावर नेऊन ठेवला. अंघोळीची वेळ नव्हती. त्याला उकडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काहीतरी मागितलं होतं. आईनं लगेच बादली भरली, आणि तेच बरोबर होतं. मागितलं की मिळतं हे कळलं तरच मूल पुन्हा मागेल.

हाताची रीतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण मुलाचा हात वरून धरून त्याच्याकडून काम करवून घेतो. या मुलांचे डोळे, कान सगळं हातात असतं. हात असा पकडला की ते बंद होतात. त्यापेक्षा आपला हात खाली ठेवावा, त्याचा वर. आपण चपाती मोडावी, त्यानं आपल्या हातावरून ती मोडताना अनुभवावी. हवं तेव्हा त्याला हात काढून घेता येतो. आणि मग थांबावं. खूण केल्यावर मनात दहापर्यंत मोजावं. ज्याला स्पर्शातून अर्थ जुळवायचाय त्याला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या अंकालाच त्याच्या वतीनं उत्तर देऊन मोकळे होतो.

प्रत्येकाची वाट वेगळी

हेलन केलर यांचं नाव घेतलं की लोकांना एकच चित्र दिसतं. त्यांची दृष्टी आणि श्रवण १९व्या महिन्यात आजारानं गेलं, १८८७ साली अ‍ॅन सलिव्हन शिकवायला आल्या आणि तळहातावर अक्षरं लिहून दार उघडलं. १९५५ साली केलर भारतात आल्या तेव्हा लोकांनी गर्दी केली होती. पण माझ्या आजच्या मुलांपैकी फार थोडी तशी आहेत. बहुतेकांना थोडं ऐकू येतं किंवा थोडं दिसतं, आणि त्या थोड्याचाच वापर वाढवायचा असतो. मी फुलाफुलांची साडी नेसत नाही, कारण नक्षीवर माझे हात हरवतात. गडद, एकरंगी कापडावर खुणा उठून दिसतात. खिडकीकडं पाठ करून मी खुणा करत नाही, कारण उजेडापुढं माझा चेहरा काळा होतो. एवढ्या दोन गोष्टींनी एखाद्या मुलाला अर्धी जास्त भाषा दिसू लागते.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या कर्णबधिर मुलाचं आधी बसणं बघायचं. पाय टेकलेले नसतील, कंबर घसरत असेल, तर त्याची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. खुणेला हात मोकळा कुठून मिळणार? त्याच्या कानाचं मशीन सारखं शिट्टी मारतं म्हणून घरचे काढून ठेवतात. पुष्कळदा मशीन ठीक असतं. डोकं खुर्चीच्या टेकूवर कलतं, कानातला मोल्ड दाबला जातो आणि आवाज फिरून मशीनमध्येच शिरतो. टेकूची जागा बदलली की शिट्टी थांबते. मूल वाढतं तसा मोल्डही नवा करावा लागतो. अशा मुलाच्या खुणा पुस्तकातल्यासारख्या होणार नाहीत. त्याची 'पाणी'ची खूण म्हणजे मूठ हनुवटीशी नेणं असेल, तर घरात तीच खूण. ती वहीत लिहून ठेवायची, म्हणजे काकूलाही कळेल आणि शाळेच्या बसमधल्या ताईलाही.

स्वमग्न मुलासाठी चित्रं कामी येतात, आणि दिनक्रम तर फारच. लालबागमध्ये गणपतीचे दिवस अशा मुलाला जड जातात. ढोलताशा कानानं ऐकू आला नाही तरी छातीत वाजतो, घरात पाहुणे भरलेले, रोजची वाट बंद. दोन आठवडे आधीपासून आम्ही त्या दिवसांची चित्रं कप्प्यात लावायला घेतो, आणि मिरवणुकीच्या वेळी कुणाकडं जाऊन बसायचं हेही ठरवून टाकतो.

आणखी एक गोष्ट कर्णबधिर मुलांच्या प्रत्येक पालकानं लक्षात ठेवावी. अशर सिंड्रोममध्ये मूल बहुधा जन्मतः कर्णबधिर असतं आणि नजर पुढं हळूहळू जाते, आधी अंधारातली, मग कडेची. त्याच्या एका प्रकारात कानातला तोल सांभाळणारा भागही काम करत नाही, त्यामुळं मूल दीड वर्षानंतर चालू लागतं. जन्मतः पूर्ण बहिरं, उशिरा चाललेलं, संध्याकाळी जिन्यात अडखळणारं मूल असेल, तर त्याचा डोळ्यांचा पडदा दाखवून घ्या. हा आजार आई-बाप दोघांकडून येतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेलं असेल तर दोघंही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते, म्हणून तिथं तर नक्की विचारा. लवकर कळलं तर नजर आहे तोवर मुलाला स्पर्शाच्या खुणांची आणि ब्रेलची सवय लावता येते.

कॉक्लिअर इम्प्लांटविषयी सगळे विचारतात. सरकारी योजनेतून ते लहान मुलांना मिळू शकतं. दुसरी अपंगत्वं असलेल्या मुलांनाही त्याचा उपयोग होतो, पण यशाचं माप वेगळं ठेवावं. मूल बोलू लागेलच असं नाही. हाक ऐकून मान वळवली, दारावरची थाप कळली, तर पुढं काय होणार हे सांगायची आणखी एक वाट उघडली. तेवढ्यासाठीही ते मोलाचं ठरू शकतं. इम्प्लांट झालं म्हणून खुणा बंद करा असा सल्ला मात्र मी कुणालाच देत नाही.

कागद आणि शाळा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात बहुविकलांगता आहे आणि बहिरे-अंधत्वाचा उल्लेख नावानं आहे. म्हणून प्रमाणपत्र काढताना फक्त कानांचं काढून परत येऊ नका. जेवढ्या अडचणी आहेत तेवढ्यांची तपासणी मागा, नाहीतर पुढची प्रत्येक योजना एकाच अपंगत्वाच्या हिशेबानं मिळेल. यूडीआयडी कार्ड त्याच नोंदीवर निघतं. बहुविकलांग मूल १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीही येतं. त्यातल्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि मूल १८ वर्षांचं झाल्यावर त्याच्या वतीनं निर्णय घ्यायला पालकत्व लागतं तेही त्याच कायद्यानं, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून. आई-बाप असलो तरी १८ नंतर आपण आपोआप कायदेशीर पालक राहत नाही, हे बऱ्याच घरांना बँकेच्या खिडकीवर कळतं. ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे, आणि शाळेत जाणं शक्यच नसेल तर समग्र शिक्षा योजनेत घरी शिकवण्याची तरतूद आहे.

शाळा बघायला जाणाऱ्या आई-वडिलांना मी एक प्रश्न शिकवून पाठवते. इमारत किती मोठी, यंत्रं कोणती, हे नंतर. आधी विचारा, "माझ्या मुलाला पुढं काय होणार आहे, हे तुम्ही त्याला कसं सांगता?" डब्याची सुट्टी, शू, घरी जाणं, प्रत्येकाबद्दल विचारा. ज्या शाळेकडं याचं उत्तर आहे, तिथं एका शिक्षिकेकडं दोन-तीनच मुलं असतील, कारण त्याहून जास्त मुलांना हातानं सांगता येत नाही. ज्या शाळेत उत्तर म्हणून 'तो शांत असतो, त्रास देत नाही' एवढंच मिळेल, तिथून परत फिरा. कुणी काहीच सांगत नसताना शांत राहिलेल्या मुलानं विचारणंही सोडून दिलेलं असतं, आणि त्याला पुन्हा विचारायला लावणं ओरडणाऱ्या मुलाला शिकवण्यापेक्षा फार अवघड जातं.